बांध, कुंपण आणि गावठाणाची रेघ

शेजाऱ्याची जमीन हळूहळू खाण्याला मराठीत एक खास शब्दप्रयोग आहे: बांध कोरणे. ज्यांचं बालपण शहरात गेलं त्यांच्यासाठी सांगतो. दोन शेतांच्या मध्ये मातीचा बांध असतो. दर वर्षी नांगरट करताना एखादा शेतकरी नांगराचा फाळ बांधाला जरासा घासून नेतो. दोन-तीन बोटं, फार नाही. शेजाऱ्याच्या लक्षात येत नाही, आणि आलं तरी 'एवढ्यासाठी काय तोंड वाजवायचं' म्हणून तो गप्प बसतो. आता हिशेब करा. बांध १०० मीटर लांब, वर्षाला ५ सेंटिमीटर. २० वर्षांत बांध एक मीटर सरकला, म्हणजे १०० चौरस मीटर जमीन गेली. जवळजवळ एक गुंठा! आवाज न करता एक गुंठा इकडचा तिकडे.

आपण फ्लॅटमध्ये राहणारी मंडळी. आपला बांधाशी काय संबंध, असं वाटू शकतं. पण नवी मुंबईत राहत असाल तर खिडकीतून खाली बघा. नेरूळ, घणसोली, कोपरखैरणे, सानपाडा, खारघर, कुठेही. एका बाजूला आकडा असलेला सेक्टर, सरळ रस्ते, मोजून आखलेले भूखंड. दुसऱ्या बाजूला त्याच नावाचं जुनं गाव, अंगाला अंग लावून उभ्या चार-पाच मजली इमारती, मधून जेमतेम एक रिक्षा जाईल अशी गल्ली. आणि दोघांच्या मध्ये सोसायटीची कंपाउंड वॉल. ही भिंत जिथे आहे तिथेच का आहे? ती रेघ कुणी मारली, कधी, आणि कशासाठी?

या प्रश्नाच्या मागे लागलं की आपण पार शिवकाळापर्यंत, त्याच्याही मागे जातो. माझं म्हणणं थोडक्यात आधीच सांगून टाकतो, म्हणजे कंटाळलात तर इथेच थांबता येईल :) सरकारनं, मग ते कुणाचंही असो, जमीन मोजली ती सारा वसूल करण्यासाठी. जिथे सारा नव्हता तिथे मोजणी झाली नाही. आणि जिथे मोजणी झाली नाही, तिथेच आज नवी मुंबईतली सगळ्यात अवघड भांडणं आहेत.

तर सुरुवातीपासून.

हद्दीचं भांडण ही काही नवी भानगड नाही. जुन्या धर्मशास्त्रात खटल्यांचे १८ प्रकार सांगितलेत, त्यातला एक 'सीमाविवाद'. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात यावर बऱ्यापैकी तपशिलात लिहिलंय, आणि ते चक्क व्यवहारी आहे. हद्दीवर वड, पिंपळ, पळस, सावर अशी सहज न हलणारी, दीर्घायुषी झाडं लावा. पण उघड खुणांवर विसंबू नका, कारण लोक त्या हलवतात. म्हणून जमिनीखाली गुप्त खुणा पुरा: दगड, हाडं, कोंडा, राख, खापऱ्या, कोळसा, वाळू, म्हणजे मातीत लवकर नाहीशा न होणाऱ्या वस्तू. तंटा झाला तर निकाल ज्येष्ठ महिन्यात लावा, कारण तेव्हा पाऊस आणि गवत यायच्या आधी खुणा स्पष्ट दिसतात. आणि साक्षीदारांनी डोक्यावर माती घेऊन, लाल वस्त्रं नेसून, शपथेवर हद्द दाखवावी. बॅकअप कुठे ठेवायचा, साक्षीदार कोण, तारीख कुठली, सगळं ठरलेलं.

मराठेशाहीतल्या गावांत हेच जरा वेगळ्या रूपात दिसतं. गावाच्या हद्दीला म्हणायचे शीव. दोन गावांत शिवेचा वाद झाला की गोतसभा बसायची. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, आसपासच्या गावांचे वतनदार एकत्र यायचे, साक्षी व्हायच्या आणि निकालाचा महजर लिहिला जायचा. सगळे उपाय थकले तर दिव्य. एका पक्षाच्या माणसानं आंघोळ करून, देवाची शपथ घेऊन शीव चालत जायची. ठरावीक दिवसांत त्याच्यावर काही संकट कोसळलं तर त्याचा पक्ष खोटा.

या सगळ्यात एका माणसाच्या शब्दाला फार वजन होतं. तो म्हणजे गावचा महार वतनदार. शिवेची राखण त्याच्याकडे, पिढ्यान्‌पिढ्या शीव चालणारा तो, त्यामुळे शीव कुठून जाते हे त्याला विचारायचं. यात जो विरोधाभास आहे तो नजरेआड करता येत नाही. ज्याला गावकुसाच्या आत घर बांधायची मुभा नव्हती, ज्याच्याकडे वतनाचा जमिनीचा तुकडा सोडला तर बहुतेक काही नव्हतं, त्याच्या आठवणीवर अख्ख्या गावाच्या जमिनीचा हिशेब टिकून होता. ही वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. ती गुलामगिरी गेली हे उत्तमच झालं. इथे मुद्दा इतकाच की त्या काळी हद्दीची नोंद कागदावर कमी आणि माणसांच्या डोक्यात जास्त होती.

मोजमाप अजिबात नव्हतं असं नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं निजामशाहीत जमाबंदीची व्यवस्था बसवली. शिवाजी महाराजांच्या काळात अण्णाजी दत्तोंच्या देखरेखीखाली मोजणी झाली. काठी होती पाच हात पाच मुठींची. २० काठ्यांचा पांड, २० पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर. पण या मोजणीचा रोख होता पीक किती, सारा किती याकडे. तुमच्या शेताची उत्तरेकडची बाजू नेमकी कुठे वळते हे तिला फारसं विचारायचं नव्हतं.

ते विचारलं इंग्रजांनी. आणि तेही एकदा आपटल्यावर. पेशवाई गेल्यानंतर दहा वर्षांनी पुण्याकडे प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं मोजणी केली. त्याचं गणित इतकं गुंतागुंतीचं, आणि खालच्या कर्मचाऱ्यांनी लिहिलेले आकडे इतके अविश्वसनीय, की सगळी योजना कोसळली. मग १८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांनी नव्यानं सुरुवात केली. त्यांनी काम सोपं केलं. एका बैलजोडीला कसता येईल साधारण तेवढं शेत हे एकक धरायचं, त्याला एक नंबर द्यायचा, चारी बाजूंना हद्दीच्या खुणा करायच्या आणि सारा ३० वर्षांसाठी ठरवून टाकायचा. आज आपण 'सर्व्हे नंबर' म्हणतो तो इथून आला. १८४७ च्या त्यांच्या संयुक्त अहवालानं ही पद्धत पक्की झाली, १८६५ आणि १८७९ च्या कायद्यांनी तिला कायद्याचं अंग मिळालं, आणि आजचा १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम त्याच घराण्यातला.

मोजायचं साधन होतं शंकू-साखळी. लांबी ३३ फूट, भाग १६, प्रत्येक भागाला नाव 'आणा'. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद चौकोन म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. (गुंठा १०८९ का, १००० का नाही, असा प्रश्न ज्यांना शाळेपासून पडलाय त्यांच्यासाठी हे उत्तर.) शेताच्या प्रत्येक बाजूची मापं एका कच्च्या आकृतीवर लिहायची, ते 'टिपण'. क्षेत्रफळाचा हिशेब 'गुणाकार बुका'त. पुढे हिस्से पडले की त्यांची 'फाळणी'. ही कागदपत्रं आजही भूमी अभिलेख कार्यालयांत आहेत आणि आजही निर्णायक आहेत. आपल्या धंद्यात पंधरा वर्षं जुन्या कोडला आपण लेगसी म्हणून नाकं मुरडतो. इथे दीडशे वर्षांचा डेटा प्रॉडक्शनमध्ये आहे.

आता एक बारकावा बघा. ३३ फुटांचे १६ भाग, म्हणजे एक आणा झाला २ फूट आणि पाऊण इंच. टिपणावरचे आकडे साखळी-आण्यांत आहेत. म्हणजे ज्या नोंदीचं सगळ्यात लहान एकक दोन फुटांचं, तिच्या आधारावर आज दोन शेजारी सहा इंचांसाठी कोर्टात उभे असतात. आज मोजणीदार उपग्रहांवर चालणारा रोव्हर घेऊन येतो, तो सेंटिमीटरमध्ये बोलतो. पण रोव्हर सांगतो आपण आत्ता कुठे उभे आहोत ते. हद्द कुठे आहे हे त्याला जुना कागदच सांगणार. उपकरण कितीही बारीक असलं तरी उत्तर मूळ नोंदीपेक्षा बारीक होऊ शकत नाही.

आणि एवढी सगळी नोंद शेतांची. गावाचं काय?

जुना गावनकाशा पाहिलात तर ही गोष्ट लगेच लक्षात येते. चहूकडे नंबर घातलेली शेतं, ओढे, पायवाटा, आणि मध्ये एक ठिपका: गावठाण. त्याच्या बाहेरची रेघ आखलेली आहे. आतमध्ये कोरं. घरांना सर्व्हे नंबर नाही, टिपण नाही, गुणाकार नाही. कारण साधं आहे. गावठाणातल्या घराखालच्या जमिनीवर शेतसारा नव्हता, मग मोजायचा खर्च कोण करणार? ग्रामपंचायतीनं घरपट्टीसाठी घरांची यादी ठेवली, नमुना ८. पण त्यात कर कोणी भरायचा ते कळतं, जमीन कुणाची आणि कुठून कुठपर्यंत ते कळत नाही. शहरांत आणि काही मोठ्या गावांत सिटी सर्व्हे झाला, तिथे प्रॉपर्टी कार्डं आली. बाकीच्या गावठाणांत हद्द राहिली ती लोकांच्या वापरात. ओटा कुणाचा, पडवी कुठवर, मधली भिंत सामाईक की एकाची, आणि पावसाळ्यात पागोळ्या कुणाच्या अंगणात पडतात. कौलारू घरांच्या काळात पागोळ्यांनी मातीत पाडलेली रेघ हा खरोखरचा पुरावा मानला जायचा. कौलं जाऊन स्लॅब आला आणि ती रेघही पुसली गेली.

आता नवी मुंबईकडे येऊ. आज जिथे पाम बीच रोडवरून आपण गाड्या पळवतो त्या ठाणे खाडी आणि पनवेल खाडीच्या काठावर आगरी-कोळ्यांची गावं होती. भातखाचरं, मिठागरं, मासेमारी. आणि इथला बांध देशावरच्या बांधापेक्षा वेगळा. हा बांध समुद्राला अडवायचा. खाजणातली जमीन भरतीच्या पाण्यापासून सोडवून तिच्यात भात पिकवायचा तर आधी बांध घालायचा, उघाडीतून पावसाचं पाणी सोडायचं, मग काही पावसाळे मातीतलं मीठ धुऊन निघायची वाट बघायची. एका जागी बांध फुटला की खारं पाणी सगळ्यांच्याच शेतात. त्यामुळे हा बांध कोरून कुणाचा फायदा नव्हता. शेजाऱ्याच्या वाट्याचा बांध नीट आहे ना हे पाहणं हा तुमचाच स्वार्थ. पुढे १९४८ साली मुंबई राज्यानं खारजमिनींसाठी वेगळा कायदा केला तोही याच सामाईक बांधांच्या देखभालीच्या प्रश्नावर. म्हणजे इंदापुरात जो बांध दोघांना तोडतो, तो उरण-पनवेलला अख्ख्या गावाला बांधून ठेवत होता.

मग आलं १९७०. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. मुंबईची गर्दी खाडीपलीकडे हलवण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या हद्दीतली सुमारे ३४४ चौरस किलोमीटर जागा नव्या शहरासाठी ठरली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली शेतं घेतली, मिठागरं घेतली, आणि गावठाणं सोडली. कागदावर हे सोपं होतं, कारण शेतांना नंबर होते. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, मोबदला, सही. विंगेटसाहेबानं साऱ्यासाठी केलेली व्यवस्था जमीन काढून घ्यायलाही तितकीच उपयोगी पडली.

गावठाणाच्या रेघेचं मात्र काहीतरी विचित्र झालं. 'याच्या आत सारा नाही' एवढं सांगण्यासाठी मारलेली ती रेघ. संपादनानंतर तिचा अर्थ बदलला. आतलं घर तुमचं, बाहेरचं घर अनधिकृत. गाव म्हणजे जिवंत गोष्ट. घरात दोन भाऊ असतात, त्यांची चार मुलं होतात, घर अपुरं पडतं. पूर्वी अशा वेळी गावठाणालगतच्या स्वतःच्याच शेतात माणूस नवं घर बांधायचा आणि गाव हळूहळू पसरायचं. सत्तर सालानंतरही लोकांनी तेच केलं. बापजाद्यांच्या शेतात घर बांधलं. फक्त सातबाऱ्यावर आता नाव सिडकोचं होतं. यालाच पुढे 'गरजेपोटी बांधलेली घरं' हे नाव पडलं. नव्या मुंबईत राहायला आलेल्यांना ती झोपडपट्टीसारखी 'अतिक्रमणं' वाटतात. गावकऱ्याच्या बाजूनं बघितलं तर कुंपणच शेत खाऊन गेलं होतं, आणि वर त्यालाच विचारलं जात होतं की तू कुंपणाबाहेर का आलास.

हा राग किती खोल होता ते जानेवारी १९८४ मध्ये दिसलं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उरण तालुक्यात रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि नवघरला पोलिसांनी गोळीबार केला, त्यात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या आंदोलनातून निघालेली मागणी म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. १९९० मध्ये सरकारनं ती मान्य केली आणि १९९४ मध्ये तिची व्याप्ती वाढवली. आज नवी मुंबईत ब्रोकर 'साडेबारा टक्क्यातला प्लॉट' असं सहज म्हणतो, त्या तीन शब्दांच्या मागे हे सगळं आहे. पण साडेबारा टक्क्यांनी भूखंड मिळाला, रेघ सरकली नाही. गावठाण विस्ताराची मागणी तशीच राहिली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारनं निर्णय काढला की गावठाणाच्या हद्दीपासून २५० मीटरपर्यंतची गरजेपोटीची बांधकामं नियमित करता येतील. पण २५० मीटर मोजायचे कुठून? त्याच जुन्या रेघेपासून! ती रेघ नकाशावर जरा इकडची तिकडे धरली की कुणाचं तरी घर आत येणार, कुणाचं बाहेर जाणार.

आणि गावठाण आतून मोजायची वेळ येते तेव्हा काय होतं याचं उदाहरणही इथलंच. विमानतळासाठी दहा वस्त्या उठवाव्या लागल्या. घराच्या बदल्यात जागा द्यायची तर आधी प्रत्येक घर मोजायला हवं, कुणाचं आहे ते ठरवायला हवं. शंभराहून जास्त वर्षं ज्या घरांना नंबर लागला नव्हता त्यांची मोजमापं झाली ती ती पाडण्यासाठी.

म्हणून आज एकाच शहरात कुंपणाची दोन अगदी वेगळी भांडणं दिसतात. सेक्टरमधले भूखंड सिडकोनं आखून दिले, बहुतेक ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानं. शेजारच्या सोसायटीनं भिंत एक फूट आत घेतली असं वाटलं तर भूखंडाचा नकाशा काढा, मोजा, विषय संपला. (विषय संपतोच असं नाही, सोसायटीच्या सर्वसाधारण सभा आपण सगळ्यांनी पाहिल्यात. पण संपू शकतो.) भिंतीच्या पलीकडे, गावठाणात, दोन चुलतभावांचा त्याच एका फुटावरून वाद असेल तर कुठला कागद काढणार? ज्या गावठाणाचा सिटी सर्व्हे झालेला नाही तिथे प्रॉपर्टी कार्ड नाही. कार्ड नाही म्हणून बँक कर्ज देत नाही. कर्ज नाही, परवानगी नाही, म्हणून बिल्डर नावाचा कुणीतरी स्थानिक माणूस तोंडी करारावर चार मजले चढवतो. आपण भाड्यानं राहतो त्यातले कितीतरी स्वस्त फ्लॅट असे उभे राहिलेत.

मग उपाय काय? हल्ली उत्तर असतं: ड्रोन. केंद्र सरकारची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला जाहीर झाली. गावठाणांची ड्रोननं मोजणी करून घरमालकांना मालमत्तेची सनद द्यायची. तिचा प्राथमिक प्रयोग आपल्याकडेच, पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावात झाला होता. योजना ग्रामीण भागासाठी आहे, त्यामुळे महापालिकेच्या हद्दीतल्या गावठाणांचा रस्ता वेगळा. पण तिच्या कामाची पद्धत बघण्यासारखी आहे. ड्रोन उडायच्या आधी गावात चुना टाकतात. प्रत्येक घराच्या, अंगणाच्या हद्दीवर चुन्याची पांढरी रेघ, मालक आणि शेजारी हजर असताना. मग वरून फोटो. कारण ड्रोनला छपरं दिसतात, मालकी दिसत नाही. ज्या दोन घरांच्या मध्ये चुना कुठे टाकायचा यावर एकमत नाही, तिथे ड्रोन काहीच करू शकत नाही. म्हणजे एवढी हजारो वर्षं फिरून आपण परत डोक्यावर माती घेतलेल्या साक्षीदाराशी आलो.

शेतांच्या बाबतीतही सरकारनं अलीकडे असंच पाऊल उचललंय. कागदावर जमीन एकाची आणि प्रत्यक्ष कसतो दुसराच, अशी अदलाबदल महाराष्ट्रात ठिकठिकाणी आहे. जानेवारी २०२३ मध्ये 'सलोखा' योजना आली. निदान १२ वर्षं दोन शेतकरी एकमेकांची जमीन कसत असतील आणि दोघांची संमती असेल, तर नाममात्र १००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १००० रुपये नोंदणी शुल्क भरून कागद बदलून घ्या. जमीन कागदाप्रमाणे हलवायच्या ऐवजी कागद जमिनीप्रमाणे हलवायचा. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. कोर्टात दोन पिढ्या घालवण्यापेक्षा केव्हाही बरा.

तुमच्यावर, किंवा गावाकडे तुमच्या वडिलांवर, कुंपणाचं प्रकरण आलंच तर थोडं कामाचं. कुंपण म्हणजे हद्द नव्हे. कुंपण कुणीतरी सोयीनं घातलेलं असतं. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करा. लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस जाते. मोजणीच्या दिवशी रजा टाकून स्वतः हजर राहा, शेजाऱ्यालाही आग्रहानं बोलवा, कारण त्याच्या माघारी झालेली मोजणी तो मानणार नाही. मोजणीनंतर नकाशाची 'क' प्रत मिळते, ती जपा. पटली नाही तर वरिष्ठांकडून 'निमताना' मोजणी मागता येते. शेतात जायला रस्ताच नाही अशी अडचण असेल तर महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे बांधावरून वाट मागता येते. दुसऱ्याची भिंत स्वतः पाडायला जाऊ नका, आणि 'बघू नंतर' म्हणून वर्षानुवर्षं गप्पही बसू नका. उघडपणे १२ वर्षं कब्जा राहिला की खासगी जमिनीवर शेजारी हक्क सांगू शकतो.

गावठाणात घर असेल तर मात्र मोजणीचा अर्ज करून फारसं हाती लागणार नाही, कारण ताडून बघायला मूळ नोंदच नाही. तिथली नोंद अजून माणसांत आहे. १९७० साली जी मुलं विशीत होती, ज्यांनी खाजणाचा बांध स्वतः घातला, कुणाचं अंगण कुठवर होतं हे डोळ्यांनी पाहिलं, ती आज पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. सिटी सर्व्हे आज ना उद्या येईल तेव्हा चुना कुठे टाकायचा हे सांगायला ती असतीलच असं नाही. घणसोलीत, करावे गावात, उलव्यात कुणी मित्र असेल तर त्याला सांगा, एका रविवारी आजोबांना घेऊन घराभोवती एक चक्कर मार, सोबत शेजारच्या आजोबांनाही घे. दोघं जिथे थांबतील तिथे फोटो काढ, अंतर मोज, दोघांच्या सह्या घे. भांडण अजून झालेलं नसेल तर फारच उत्तम.